उदकमेह आणि मुंडीचा मान

रुग्णाच्या लघवीपाशी मुंग्या येतात की नाही, हे पाहणे हा माझ्या व्यवसायाचा एक भाग होता. दिवाळीच्या अंकात, फराळाची बशी शेजारी घेऊन बसलेल्या वाचकांपुढे अशा वाक्याने आरंभ करणे शिष्टसंमत नाही, हे मी जाणतो. परंतु संपादकांनी “आपल्या व्यवसायातले काही लिहा” असे सांगितले, आणि वैद्याचा व्यवसाय मलमूत्र वगळून सांगता येत नाही. ज्यांना सोसणार नाही त्यांनी आधी चकली संपवावी.

लोणावळ्याच्या बाजारपेठेत दोन खणांच्या जागेत मी आयुष्यभर वैद्यकी केली. बालपणी पाठशाळेत काव्य आणि व्याकरण झाले. पुढे गुरुगृही राहून संहितांचे अध्ययन झाले. गुरूंनी निरोप देताना दोन नियम घालून दिले. संध्या झाल्याशिवाय कोणाच्या नाडीला हात लावायचा नाही, आणि जे औषध द्यायचे ते कशाचे आहे हे रुग्णाने विचारल्यास लपवायचे नाही. पहिला नियम पाळणे सोपे होते. दुसऱ्याने मला एकदा बोकडाच्या कवटीपर्यंत नेले, आणि तीच हकिकत येथे सांगायची आहे.

आमच्या शास्त्रात प्रमेहाचे वीस प्रकार वर्णिले आहेत. त्यांपैकी मधुमेह सर्वांना ठाऊक असतो. त्या रुग्णाची लघवी मातीवर पडली की थोड्याच वेळात मुंग्यांची रांग लागते. परंतु त्याच यादीत उदकमेह नावाचा एक प्रकार आहे. त्यात लघवी पाण्यासारखी असते: स्वच्छ, गार, गंधरहित आणि पुष्कळ. मुंग्या तिकडे फिरकत नाहीत. हा प्रकार मी विद्यार्थिदशेत पाठ केला होता, पण तो डोळ्यांनी पाहायला मिळेल असे वाटले नव्हते.

या रोगाचे घर शरीरात नेमके कोठे आहे, हे मला तुंगार्लीच्या डॉ. दस्तूरांनी दाखवले. हे पारशी गृहस्थ मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळातून निवृत्त होऊन हवेसाठी इकडे येऊन राहिले होते. माझ्याकडचा च्यवनप्राश ते आवडीने खात, आणि त्याच्या मोबदल्यात मला शरीरशास्त्र शिकवीत. त्यांच्या मेजावर प्लॅस्टरची एक कवटी असे. एके दिवशी तिचे झाकण काढून तळाशी बोट ठेवीत ते म्हणाले, “वैदराज, तुमचा वात-पित्त-कफ सगळा खरा. पण तेचा हेडमास्तर इथे बसते. बघा, खुर्चीपण किती लहान!”

नाकाच्या मुळामागे, कवटीच्या तळाला, घोड्याच्या खोगिरासारखी एक खाच असते. मेंदूपासून एका बारीक देठाने लोंबणारी वाटाण्याएवढी ग्रंथी त्या खाचेत बसते. इंग्रजीत तिला पिट्युटरी म्हणतात. आपले विद्वान अलीकडे पीयूषिका म्हणू लागले आहेत. ग्रंथी जो रस बाहेर न टाकता थेट रक्तात सोडते, तो अंतःस्राव अथवा हॉर्मोन. पीयूषिकेच्या दोन पाळ्या असतात. पुढली पाळी मुलांची उंची वाढवते, बाळंतिणीला दूध आणते, गळ्यातल्या आणि पोटातल्या इतर ग्रंथींना कामाला लावते. मागली पाळी पुष्कळ लहान. पण तिच्या रसाच्या आज्ञेने मूत्रपिंडे शरीरातील पाणी राखून ठेवतात. तो रस आटला की पाणी राहत नाही. माणूस पितो आणि टाकतो, पितो आणि टाकतो.

पुढल्या पाळीचे बिघाडही मी पाहिले. रेल्वेच्या यार्डातील रुळांचे सांधे बदलणारा एक पॉइंट्समन डोकेदुखीसाठी माझ्याकडे येई. एकदा जाता जाता म्हणाला, “वैद्यबुवा, चांभार म्हनतो माजा पाय वाढतूय. चाळिशीत कुनाचा पाय वाढतो का? मी त्याला म्हनलं, तुजं माप चुकलं.” माप चुकले नव्हते. त्याची टोपी बसेनाशी झाली होती, अंगठी कापून काढावी लागली होती, हनुवटी पुढे आली होती, आणि हे सारे इतक्या सावकाश झाले होते की घरच्यांनाही कळले नव्हते. दस्तूरांनी त्याच्या डोळ्यांपुढे बोटे हलवून पाहिली, तेव्हा त्याला समोरचे दिसे, बाजूचे दिसत नसे. वाढलेली ग्रंथी डोळ्यांच्या शिरांवर दाब देत होती. ज्याला बाजूचे दिसत नाही त्याने रुळांत काम करणे म्हणजे मरणच. नोकरी सोडून तो क्ष-किरणांच्या उपचारासाठी मुंबईस गेला. डोकेदुखी कमी झाली, असे त्याने पुढे कळवले. पाय मात्र पूर्वीचा झाला नाही.

ग्रंथींचा बोभाटा फार झाला तेव्हा नमुनेदार गिऱ्हाइकेही आली. हवापालटासाठी आलेल्या एका वयोवृद्ध शेटजींनी दार लोटून घेऊन विचारले, “विलायतेत म्हणे वानराची ग्रंथी बसवून तारुण्य आणतात. तुमच्याकडे तसं काही चूर्ण?” मी सांगितले की माझ्याकडे आवळा आहे. ते पुन्हा आले नाहीत.

आता मूळ हकिकत.

ज्येष्ठातल्या एका सकाळी टाकवे बुद्रुकहून एक जोडपे बैलगाडीतून आले. पुरुष तिशीचा, हाडापेराने मजबूत, पण ओठ फुटलेले आणि डोळे खोल गेलेले. त्याच्या मांडीवर पाण्याची घागर होती. ओट्यावर बसण्याआधी त्याने ती तोंडाला लावली. नाव यशवंता. बोलली ती त्याची बायको, पारू.

“आबा, ह्यास्नी पानी पुरत न्हाई. घरात हंडा भरून ठिवला तर सकाळपातूर रिकामा. रातभर उठत्यात आन् पित्यात. भावकी म्हनती ढोंग हाय. म्हनून सखाभावजींनी ह्यास्नी गोठ्यात कोंडलं, पान्याबिगर दिवसभर.”

“मग?” मी विचारले.

यशवंताने मान खाली घातली. “डोनीतलं प्यालो. गुरांच्या.”

कोंडणारा सखाराम हा त्याचा चुलतभाऊ. पण कोंडण्यामागे नुसते भाऊबंदकीचे वैर नव्हते. गावदेवीची जत्रा चैत्री पौर्णिमेला भरे. त्या दिवशी नदीवर जाऊन देवीचा कळस भरायचा आणि तो डोक्यावरून देवळात आणायचा, हा मान यशवंताच्या घराण्याकडे होता. कळस उचलणाऱ्याने सूर्योदयापासून कळस गाभाऱ्यात ठेवीपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, असा नियम. नुकत्याच झालेल्या जत्रेत, सारे गाव काठावर उभे असताना, यशवंताने कळस भरता भरता नदीला तोंड लावले आणि जनावरासारखा पाणी प्याला. गावाने त्याला एका वर्षाची मुदत दिली. पुढल्या चैत्रात नियमाने कळस नेला तर मान राहील. नाहीतर तो सखारामाच्या घरी जाईल.

“मान गेला तर जाऊ दे की,” मी म्हणालो. रुग्णाला खरोखर काय दुखते ते असे विचारल्यावाचून कळत नाही.

“आबा, सखाला दिला असता मी,” तो म्हणाला. “भाऊच हाय. पर चोर म्हनून काडून घेनार. माज्या पोरान्ला ह्या गावात ऱ्हायचं हाय.”

परसातल्या मातीवर मुंग्या आल्या नाहीत. मी विचारीत गेलो, तेव्हा कळले की माघात तो गवताच्या गंजीवरून खळ्याच्या दगडावर डोक्यावर पडला होता. अर्धा दिवस शुद्ध नव्हती. त्यानंतर आठवड्याच्या आत तहान लागली, ती थांबलीच नाही. मी उदकमेहावर सांगितलेले काढे महिनाभर दिले. त्यांनी त्याला थोडी भूक लागू लागली. तहान तसूभर हलली नाही. मग मी त्याला तुंगार्लीला नेले.

दस्तूरांनी त्याची लघवी निळ्या औषधात घालून उकळली; ती निळीच राहिली, म्हणजे साखर नाही. मग तीत घनता मोजायचा काचेचा काटा सोडला. नेहमीच्या लघवीत तो वर तरंगतो. येथे पाण्यात बुडावा तसा बुडाला. डोक्याला बसलेल्या मारात ग्रंथीचा देठ दुखावला असावा, असे त्यांनी निदान केले. “साधी गोष्ट,” ते म्हणाले, “त्याला जे बनत नाही ते आपण देऊ.” कपाटातून त्यांनी एक कुपी काढली. मागल्या पाळीची वाळवलेली पूड. तपकिरीसारखी नाकात ओढायची. नाकाच्या आतल्या त्वचेतून रस रक्तात शिरतो आणि चार-सहा तास तहान आणि लघवी आवरते. नाकावाटे औषध देणे आम्हांला नवे नव्हते. नस्य ही आमची जुनी चिकित्सा आहे. मला मोठा आनंद झाला.

यशवंताने कुपी उजेडात धरली. “ह्ये कशाचं हाय?”

दस्तूर इंग्रजीत मला म्हणाले, “सांगू नका. माणूस बरा होतो आहे.” त्यांचे म्हणणे निर्दयपणाचे नव्हते. पण प्रश्न विचारला गेला होता.

“विलायतेतून येते,” मी सांगितले. “कत्तलखान्यातल्या गाईबैलांच्या डोक्यातली ग्रंथी काढून करतात.”

त्याने कुपी मेजावर ठेवली, हात धोतराला पुसला आणि दाराशी जाऊन उभा राहिला. “मरन आलं तरी न्हाई, आबा.” पारू रडू लागली. दस्तूरांनी माझ्याकडे पारशी शिष्टाचारास शोभेल इतपतच एक कटाक्ष टाकला. यशवंताच्या जागी मी असतो तर हेच केले असते. परंतु मी असतो तर बहुधा मेलोही असतो. उदकमेहाच्या रुग्णाला पाणी तोडले तर ताप चढतो, भ्रम होतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सारे संपते. हे मी त्याला नीट समजावले. “नेहमी पोटभर पाणी पी. कोणाला लाजू नको. आणि जत्रेचा नाद सोड.”

तो ऐकत होता की नाही कोण जाणे. पायरी उतरता उतरता मागे वळून त्याने दस्तूरांना विचारले, “डाक्टरसायेब, ती गाठ बोकडाला नसती व्हय?”

दस्तूर खो खो हसले. “असते की! बोकडाला असते, मेंढ्याला असते, वैदराजला पण असते.”

“वैद्यबुवाची र्‍हाऊं द्या,” यशवंता म्हणाला. “बोकडाची चालंल. बोकूड तर आमी खातो.”

गावाकडच्या चालीची माहिती नसलेल्यांसाठी सांगतो. दसऱ्याला टाकव्यात नवसाचे बोकड देवीपुढे पडत. कापण्याचे काम आदमभाई मुलाण्याकडे असे. हे मुसलमान घराणे पिढ्यान्‌पिढ्या गावात राहिलेले, मराठीच बोलणारे, आणि त्यांच्या हाताशिवाय हिंदूंच्या घरीही बोकड कापला जात नसे. मांस ज्याचा नवस त्याचे. परंतु देवीपुढे पडलेल्या प्रत्येक बोकडाची मुंडी मानकऱ्याच्या घरी पोचवायची, असा रिवाज होता. म्हणजे चैत्रापर्यंत तरी त्या साऱ्या मुंड्या यशवंताच्या होत्या.

दसऱ्याला दस्तूर आणि मी टांग्याने आणि मग गाडीने टाकव्यास गेलो. ग्रंथी ताजी काढावी लागते. उशीर झाला की तिचे सत्त्व जाते. यशवंताच्या गोठ्यापुढे केळीची पाने अंथरली होती. आदमभाई पन्नाशीचा, हसतमुख माणूस. त्याने मला एका बाजूला पाट मांडून दिला.

“वैद्यबुवा, तुमी वाऱ्याच्या अंगाला बसा. आन् डोळे झाकायचे आसतील तर झाका. आमी कुनाला सांगनार न्हाई.”

“डोळे झाकून ग्रंथी कशी दिसेल?” मी म्हणालो.

“मग सवंय हुईल,” तो म्हणाला, आणि पहिली कवटी मधोमध फोडली.

मेंदू उचलल्यावर खोगिराच्या खाचेत ती दिसली. हरभऱ्याएवढी, फिकट, तिच्या मागे ज्वारीच्या दाण्याएवढी पाळी. ज्या वस्तूबद्दल वर्षभर ऐकले ती अशी समोर, इतकी चिमुकली, इतक्या जपून हाडाच्या मुठीत ठेवलेली पाहून माझे हात आपोआप जुळले. आदमभाईला वाटले मी क्षमा मागतो आहे. “बोकूड काय मनावर घेत न्हाई, आबा,” तो म्हणाला.

ठरले होते असे की दस्तूर पाळ्या वेगळ्या करतील आणि मी फक्त पाहीन. पण वयोमानाने त्यांची दृष्टी जवळचे धरीनाशी झाली होती. दोन ग्रंथी त्यांच्या चिमट्याखाली चिरडल्या. भस्मे आणि मात्रा करून माझ्या बोटांना बारीक कामाची सवय होती. मी उपरणे बाजूला ठेवले आणि चिमटा हाती घेतला. पन्नास वर्षे शाकाहारी राहिलेल्या ब्राह्मणाने हे केले याचे लोकांना पुढे नवल वाटले. मी नदीवर स्नान केले, संध्या केली, आणि माझ्या समजुतीप्रमाणे विषय तेथे संपला.

त्या पाळ्या दस्तूरांनी आणलेल्या बाटलीतल्या ॲसिटोन नावाच्या द्रवात घातल्या. त्याने त्यांतील पाणी आणि मेद निघून जातो. मग सावलीत सुकवून मी त्या वेगळ्या खलात घोटल्या. घोटणे ही गोष्ट आम्ही कोणाकडून शिकायची नाही. पूड अशी झाली की फुंकर मारली तर उडावी. पण एवढ्या मुंड्यांतून झाली ती करंगळीच्या पेराएवढी कुपी! एका वेळेला दोन-तीन बोकडांच्या पाळ्या खर्ची पडत. रोज घेण्याइतके औषध गावातल्या साऱ्या शेळ्या मारूनही झाले नसते. म्हणून नित्याचा उपाय पाणी, आणि पूड एका दिवसासाठी, असे ठरले.

पौषात आम्ही एका चिमटीची परीक्षा घेतली. सकाळी पूड ओढून यशवंताने नाक चोळले आणि तो माझ्या ओट्यावर बसून राहिला. दुपार झाली. घागर शेजारीच होती. त्याने तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“आबा, तान न्हाई,” तो हळूच म्हणाला, जणू मोठ्याने बोलले तर ती येईल. मग तो भिंतीला टेकला आणि संध्याकाळपर्यंत गाढ झोपला. जवळजवळ वर्षभरात तो सलग झोपला नव्हता.

चैत्र आला. मी यशवंताला एकच अट घातली: बरोबर मी चालणार, आणि मी “पी” म्हटले की मान, देवी, गाव, काही न पाहता प्यायचे. त्याने माझ्या पायाला हात लावून कबूल केले. पण त्यानेही एक हट्ट धरला. तपकिरीच्या डबीत पूड घालून नेली असती तर कोणी विचारले नसते. साऱ्या गावाला तपकिरीचे व्यसन. “चोरून न्हाई,” तो म्हणाला. पौर्णिमेच्या आदल्या दुपारी त्याने देवळापुढच्या पारावर सर्वांसमक्ष डबी उघडून ठेवली आणि ती कशाची आहे ते सांगितले.

सखाराम उभा राहिला. उंच, रागीट, पण खोटे न बोलणारा माणूस. “उपासाच्या दिवशी बोकूड नाकात घालनार, आन् त्यो उपास? असा उपास मीबी करतो. मटनाचा रस्सा नाकानं पितो!”

लोक हसले. तेव्हा ठकूमावशी म्हणून गावातली सर्वांत वयस्क बाई होती, ती पुढे आली. तिच्या हातात तिची स्वतःची डबी होती.

“सख्या, मी एकादशीला तपकीर वढत्ये त्ये तुला ठावं हाय का न्हाई?”

“हाय, मावशे.”

“मग माजा उपास मोडला का?”

“तुजी तंबाकूची. ही बोकडाची.”

“बोकूड कुनाफुडं पडला? आईफुडं. तिनं आदी घेतला, मंग मुंडी मानकऱ्याच्या घरी गेली. आईनं पदरात घेतलं त्ये तुला इटाळाचं कसं रं झालं? तू आईपरीस सोवळा?”

सखारामाला पटले नव्हते. तो यशवंताजवळ जाऊन म्हणाला, “नाकातल्याचं मी काय बोलत न्हाई. पर तुजी तान खोटी, ह्ये मी म्हननार. उंद्या दिवसभर तुज्यामागं चालतो. एक घोट जरी घेतलास तर मीच बोंब मारीन.”

“चल की,” यशवंता म्हणाला.

जत्रेच्या दिवशी उन्हाचा ताव मोठा होता. सूर्योदयापूर्वी यशवंताने मनसोक्त पाणी घेतले, उजाडताच पहिली चिमूट. दुपारी नदीकडे निघताना दुसरी. काठावर कळस भरताना साऱ्या गावाचे डोळे त्याच्यावर होते. त्याने गुडघाभर पाण्यात उभे राहून कळस भरला, कपाळाला लावला, डोक्यावर घेतला आणि बाहेर आला. नदीकडे मागे वळून पाहिले नाही. ढोल सुरू झाला. माझ्या मनातले ओझे उतरले.

ते जरा लवकरच उतरले. परतीच्या वाटेवर जागोजाग ओवाळण्या होतात, मिरवणूक मुंगीच्या पावलाने चालते. अर्ध्या वाटेवर तिसरी चिमूट द्यायची होती. मी ती त्याच्या नाकाशी नेली आणि त्याच क्षणी शेतातून धुळीचा लोट आला. यशवंता शिंकला. एकदा नव्हे, लागोपाठ. पूड, शेवटची पूड, मावळाच्या मातीत गेली. डबीत बोटाला लागण्याइतकीही उरली नाही.

पुढचा चढ मी कधी विसरणार नाही. आधी त्याला वाटेतच दोनदा बाजूला जावे लागले. कळस तेवढा वेळ पारूच्या हाती. मग ओठ सुकले, मग बोलणे थांबले. मी त्याच्या मोकळ्या हाताची नाडी धरून चालत होतो. ती जलद होती. बारीकही होऊ लागली होती. माझ्या झोळीत पाण्याचा तांब्या होता. भक्त म्हणून माझे मन म्हणत होते, देऊळ दिसते आहे. वैद्य म्हणून मला देऊळ मोजायचे नव्हते, नाडी मोजायची होती. मी विचारले, “यशवंता, दसऱ्याला मुंड्या कोणी फोडल्या?”

“आदमभाईनं,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

“मी कोठे बसलो होतो?”

“वाऱ्याच्या अंगाला.”

शुद्ध होती. भ्रम नव्हता. मी तांब्याचे झाकण काढले नाही. सखाराम दुसऱ्या बाजूने चालत होता आणि प्रथम तो यशवंताच्या हाताकडे पाहत होता, मग तोंडाकडे पाहू लागला. पायऱ्यांपाशी यशवंताचा पाय अडखळला, तेव्हा त्याला सावरायला माझ्याआधी सखारामाचा हात गेला. कळसातले पाणी हिंदकळून यशवंताच्या गालावरून ओघळले. त्याने ओठ घट्ट मिटले आणि मान वळवली. सखारामाने ते एका हातभर अंतरावरून पाहिले.

दिवे लागण्याच्या सुमारास कळस गाभाऱ्यात टेकला. यशवंता बाहेर येऊन देवळाच्या भिंतीला पाठ लावून बसला. मी तांब्या पुढे केला; तो एका दमात संपला. “सावकाश,” मी म्हणालो, पण माझे कोणी ऐकत नव्हते. सखाराम पाणी भरायच्या रांजणाकडे धावला होता. त्याने घागर आणली आणि उकिडवा बसून धार सोडली. यशवंता ओंजळीने पीत राहिला. घागर रिकामी झाली. सखारामाने दुसरी आणली. तीही संपली. लोक भोवती उभे होते, आणि ढोलवाल्यांनीही ढोल थांबवले होते.

“आरं, किती ही तान,” सखाराम म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. “रोज आशीच?”

यशवंताने मान हलवली.

“आन् मी तुला गोठ्यात...” तो तिसऱ्या घागरीसाठी उठला. यशवंताने त्याचा हात धरून त्याला खाली बसवले. बराच वेळ श्वास घेऊन झाल्यावर तो सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाला:

“औंदा मी नेला. फुडल्या सालापासनं कळस सखा उचलंल. मी देतोय त्याला. आन् खाली ठिवला की पानी मी पाजनार.”